तालमीची परवानगी

आमच्या शहरात नटाला भूमिकेआधी जागा मागावी लागते. संत एकनाथ रंगमंदिर, तापडिया नाट्यमंदिर, सिडकोतलं संत तुकाराम नाट्यगृह ही झाली प्रयोगाची ठिकाणं. हौशी नट तिथं पोचतो तो अगदी शेवटी, रंगीत तालमीला. त्याआधीचा सगळा संसार शाळेच्या रिकाम्या वर्गात, लग्नाची तारीख नसलेल्या मंगल कार्यालयात, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी चालतो. जागा देणारा कुणीतरी असतो आणि त्याच्या अटी असतात. छत्रपती संभाजीनगरच्या नाटकाचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर बक्षिसांच्या याद्या थोड्या बाजूला ठेवून किल्ल्या कुणाकडे होत्या ते आधी विचारावं, असं माझं मत आहे.

हे मत माझं एकटीचं नाही. ते दोन म्हाताऱ्यांनी माझ्या डोक्यात भरवलं. नव्वदीच्या सुरुवातीला मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसत असलेल्या एका नाटकात काम मागायला गेले, तेव्हा आईनं एकच अट घातली होती: तालीम रात्री आठला सुरू होऊन अकराला सुटते ना, मग आजोबा बरोबर येतील. आजोबा आनंदानं तयार झाले. वर्गाच्या मागच्या बाकावर ते बसायचे, आणि त्यांच्या शेजारी आमचे सर. सर म्हणजे नागसेनवनात शिकलेले, तेव्हा नोकरीतून निवृत्तीला आलेले शिक्षक. आमच्या संस्थेत रंगमंच व्यवस्था बघायचे. गुलमंडीचा एक आणि नागसेनवनाचा एक, असे हे दोघं मागं बसून हळू आवाजात भांडत असायचे. पुढं आमचं नाटक चाललेलं असायचं. खरं सांगायचं तर पुढच्यापेक्षा मागचं जास्त रंगायचं.

आजोबा स्त्रीपार्टी. घरात ही गोष्ट लपवलेली नव्हती, पण पाहुण्यांसमोर काढायचीही नव्हती. गणपतीच्या मेळ्यात ते सुभद्रा झाले होते, द्रौपदी झाले होते, एका सामाजिक नाटुकल्यात विधवा झाले होते. शिक्षण सरकारी फोकानिया शाळेत, म्हणजे सगळं उर्दूतून. घरी मराठी, शाळेत उर्दू, देवळात जेवढी कानावर पडेल तेवढी संस्कृत. लिहिण्याचा सराव उर्दूचा असल्यामुळे सुभद्रेची भाषणं ते उर्दू लिपीत उतरवून पाठ करायचे. उजवीकडून डावीकडे धावणारी ती मराठी त्यांच्या वहीत मी पाहिली आहे. मला एक अक्षर लागलं नाही. ते मात्र त्यातून सरळ मराठी वाचत गेले, हेलकावे घेत, मधेच थांबून "इथं पदर सावरायचा" असं सांगत.

मेळा उभा करायचा तर परवानगी लागे. निजामाच्या राज्यात गश्ती निशान ५३ नावाचं परिपत्रक होतं; सभा घ्यायची तर सरकारची आधी मंजुरी पाहिजे. मेळा म्हणजे सभा की करमणूक, हे कोतवालीतल्या अंमलदाराच्या त्या दिवशीच्या मनावर असायचं, असं आजोबा सांगत. मग पदं आणि संवाद आधी नेऊन द्यायचे, कुणीतरी ते वाचून दाखवायचे आणि हुकूम येईपर्यंत वाड्याच्या आतल्या चौकात दार लावून तालीम करायची. "हळू म्हणायची सवय तिथं लागली," ते म्हणत. "द्रौपदी हळू आवाजात आक्रोश करतीय, असं नाटक तुम्ही पाहिलंय का कुठं? आम्ही केलंय." १९३८ साली इथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणायचं ठरवलं. ते लोण हैदराबादला गेलं आणि उस्मानिया विद्यापीठानं विद्यार्थी काढून टाकले. त्यातले पुष्कळ जण शिकायला नागपूरला गेले. आजोबा तेव्हा शाळेत. आळीतल्या पोरांना त्या प्रकरणातून एवढं कळलं, की आपण काय म्हणतो हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कुणाच्या छपराखाली म्हणतो हेही.

रझाकारांच्या दिवसांत मेळे बंदच पडले. पुष्कळ घरं नगर-नाशिककडे नातेवाइकांकडे निघून गेली, त्यात आमचंही. बायकांनी दागिने कमरेला बांधले आणि आजोबांनी ट्रंकेत तळाशी केसांचा टोप ठेवला. पणजीनं तो वाटेत पाहिला आणि बैलगाडीतच त्यांच्या थोबाडीत मारली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर सगळे परतले, टोपही परतला; पण आजोबा तोवर बाप झाले होते आणि आळीत नवी पोरं आली होती. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. या गोष्टीत ते कधी हळवे झाल्याचं मला आठवत नाही. "आवाज फुटला होता," एवढंच म्हणायचे.

आता माझी निवड. हल्ली पोरं ऑडिशन म्हणतात. आमच्याकडे तेव्हा शब्द होता वाचन. "वाचनाला ये," असा निरोप यायचा. मी एक लांबलचक स्वगत पाठ करून गेले होते. दिग्दर्शकानं ते ऐकलंच नाही. त्यांनी सगळ्यांना गोलात बसवून संहिता वाचायला घेतली आणि मला म्हणाले, "तू कंस वाच." म्हणजे पात्र दार उघडते, पात्र पाणी पिते, शांतता. संध्याकाळभर मी शांतता वाचत होते. दुसऱ्या दिवसापासून प्रॉम्प्टिंग. प्रॉम्प्टर म्हणजे सगळ्यांचं सगळं पाठ असलेला आणि कुणालाच न दिसणारा प्राणी. हौशी रंगभूमीवर मुलींना भूमिका मिळायचा एक हमखास मार्ग तेव्हा होता: जिच्याकडे ती भूमिका आहे तिचं लग्न ठरणं. ते ठरलं. पत्रिकेचा पेढा मी तिच्याच हातून खाल्ला आणि त्याच रात्री खडूनं आखलेल्या दिवाणखान्यात उभी राहिले. तिला सासरी गेल्यावर नाटक करू देतील का, हा प्रश्न आमच्यापैकी एकाही मुलीनं विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

आजोबांचा खरा छळ यानंतर सुरू झाला. घरी येताना पैठण गेटपासून पुढं माझी शिकवणी. बाई वळते ती आधी मानेनं, मग खांद्यानं. बाई ऐकते तेव्हा हाताला काम असतं. पदर सारखा नीट करते ती नाटकातली बाई. घरातली बाई पदर विसरलेली असते आणि परका माणूस आला की तिला तो आठवतो. हे सगळं ते आपल्या वहिनीकडं बघून शिकले होते. मला संताप यायचा. मी बाई, आणि बाईनं कसं चालायचं हे मला सत्तरीतला पुरुष भर रस्त्यात चालून दाखवतोय, तेही बंद झालेल्या दुकानांपुढच्या उजेडात! पण परक्या माणसाच्या येण्यानं पदर आठवण्याची ती जागा मी नाटकात घेतली आणि परीक्षकांपैकी एकानं प्रयोगानंतर नेमकं तेच विचारलं, की हे कुणी शिकवलं. मी दिग्दर्शकाचं नाव सांगितलं. आजोबा मागं उभे होते. त्यांनी मान हलवून मला शाबासकी दिली. संस्थेत राहायचं तर कुणाचं नाव घ्यायचं, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

सरांची गोष्ट वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथं १९५० साली काढलं, तेच पुढं नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी तिथल्या मुलांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. रामायणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्यांच्या वाट्याला काय आलं, याचा प्रवास. १९५५ मध्ये कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याचा प्रयोग झाला तेव्हा बाबासाहेब प्रेक्षकांत होते. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही ते झालं, अफाट गर्दीसमोर. सर तेव्हा वसतिगृहातलं कोवळं पोर. पडदा ओढायच्या दोरीशी उभं राहायची कामगिरी मिळालेली. "मी नाटक बघत होतो की पहिली रांग बघत होतो, आता सांगता येत नाही," ते म्हणायचे. "पण जागा आमची होती. कुणाला विचारायचं नव्हतं. बापजन्मात पहिल्यांदा."

हे ऐकून आजोबा गप्प बसत. गुलमंडीच्या वाड्यातून नागसेनवनात चालत जाता येतं, पण इतक्या वर्षांत ते तिकडं नाटक बघायला गेले नव्हते आणि सर आमच्या आळीतल्या गणपतीला आलेले नव्हते. दोघांनी एकमेकांच्या नाटकांची नावं पहिल्यांदा ऐकली ती त्या शाळेच्या बाकावर. मध्ये नामांतराची वर्षं येऊन गेली होती. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्याच काळात इथली दलित रंगभूमी उभी राहत होती. प्रकाश त्रिभुवनांचं 'थांबा, रामराज्य येतंय' हे त्यातलं ठळक नाव. सर सांगत, की त्या दिवसांत तालीम नऊच्या आत आवरायची आणि एकेकट्यानं घरी जायचं नाही. आजोबांनी विचारलं, "परवानगी कुणाची?" सर म्हणाले, "रस्त्याची." विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या संध्याकाळी आमची तालीम नव्हती, तरी आजोबा सरांच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. पेढ्यांचा पुडा मात्र आमच्या घरात आला.

विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही या गावातली तिसरी जागा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी सत्तरच्या दशकात त्याला आकार दिला आणि नाटक हे वर्गात शिकायचं, त्याची पदवी मिळवायची, असा प्रकार मराठवाड्यात सुरू झाला. 'गावकी' लिहिणारे आणि तमाशाच्या रंगभूमीचा अभ्यास करणारे रुस्तुम अचलखांब तिथं होते. लक्ष्मण देशपांडेही तिथंच शिकवत. १९७९ पासून त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करायला घेतलं: मराठवाड्यातल्या एका खेड्याचं वऱ्हाड लंडनला लग्नाला जातं आणि त्यातली ५२ पात्रं एकटा माणूस एका उपरण्यावर उभी करतो. गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली, देशी-परदेशी प्रयोग झाले. कौतुक आम्हाला होतंच. पण आमच्या संस्थेतल्या एका होतकरू नटाचं म्हणणं असं, की गावातल्या ५२ भूमिका एकानंच घेतल्यावर बाकीच्यांनी काय प्रॉम्प्टिंगच करायचं का?

गंमत 'वऱ्हाड'च्या भाषेची. ते नाटक ज्या बोलीवर सगळ्या महाराष्ट्रात टाळ्या घेत होतं, ती बोली आमच्या तालमीत गुन्हा होता. "काय करायलीस", "कामून आलास", "जायलो ना मी" हे तोंडातून निघालं की दिग्दर्शक वही आपटायचे. नाटक पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातलं, अंतिम फेरीला परीक्षक तिकडचे, तेव्हा हेल गेलाच पाहिजे. वाळूजच्या कारखान्यात काम करणारा आमचा एक नट होता. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तो वेळेवर यायचा, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तालीम संपताना उगवायचा आणि मग त्याचे प्रवेश आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर दिव्याखाली करायचो. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण "मी येतो आहे" म्हणताना त्याचं "मी यायलो" व्हायचंच. त्याची भूमिका कापत कापत शेवटी पोस्टमनवर आली. सर त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलले: "त्याच्या तोंडची भाषा ज्या नाटकात बसत नाही, ते नाटक आपण कुणासाठी करतोय?" दिग्दर्शकाला राग आला, त्यांनी संहिता मिटवली, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात तालीम सुरू झाली. पोस्टमन पोस्टमनच राहिला. कामगार कल्याणच्या नाट्य स्पर्धेत मात्र त्यानं पुढं स्वतः नाटक बसवलं, आपल्या पाळीतल्या माणसांना घेऊन. मकरंद अनासपुरेंनी हीच बोली पडद्यावर नेऊन लोकप्रिय केली, तेव्हा आमचे दिग्दर्शक म्हणाले, "मी सांगत नव्हतो का?" ते काय सांगत होते, हे आम्ही त्यांना विचारलं नाही.

मुंबईचं वेड तेव्हा सगळ्यांनाच होतं आणि त्याला कारण 'जिगीषा'. इथल्या कॉलेजांतल्या मुलामुलींनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ही संस्था काही वर्षांत मुंबईला गेली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही नावं आम्ही घरच्या माणसांसारखी घेत असू. रेल्वे अजून मीटरगेज. मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलायची. त्यामुळे "मनमाड ओलांडलं" असं आमच्यात एखाद्या नटाबद्दल म्हटलं जायचं आणि त्यात हेवा ठासून भरलेला असायचा. १९९१ मध्ये 'चारचौघी' आलं. लिहिणारा, बसवणारा आणि चौघींतली एक, तिघं आपल्या गावची. दौऱ्यावर आलं तेव्हा मी आजोबांना घेऊन गेले. दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी, प्रतीक्षा लोणकर. वंदना गुप्त्यांचा तो फोनवरचा लांब प्रवेश सुरू झाला तेव्हा आजोबा खुर्चीत पुढं सरकले. बाहेर पडल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतका वेळ बाई एकटी बोलतीय, आणि कुणी मधे येत नाही. आम्हाला असं लिहून कुणी दिलंच नाही." त्यानंतर पैठण गेटपासूनची शिकवणी बंद झाली. पदराचं, मानेचं पुन्हा नाव नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं, हेही खरं.

मी मनमाड ओलांडलं नाही. एकदा गेले होते, दादरला एका हॉलमध्ये खूप मुलींच्या रांगेत बसून आले, नाव आणि उंची सांगितली आणि "कळवतो" ऐकून परतले. कळवलं नाही, त्याचं दुःख काही दिवस टिकलं. नंतर नोकरी, लग्न, आणि नवऱ्याच्या हौशीखातर नव्हे तर माझ्याच हट्टानं पुन्हा स्पर्धा, पुन्हा शाळेचे वर्ग. मुंबईला न जाता नाटक मोठं होतं, याचा पुरावा मिळायला मात्र २०१२ पर्यंत थांबावं लागलं. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी बसवलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. त्यातले नट शेती करणारे, आपल्या बोलीत बोलणारे. तांगडे त्याआधीपासून गावातच नाटकं करत. विजेच्या तारेवर टाकायच्या आकड्यावर त्यांचं नाटकच आहे. अशा गावात ऑडिशन कुणाची घ्यायची? जो संध्याकाळी मोकळा आहे, तो नट. सर तेव्हा हयात होते. प्रयोगानंतर नटांना भेटायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आता माझी भाची या फेऱ्यात आहे. तिची ऑडिशन मोबाइलवर होते. पांढरी भिंत, खिडकीचा उजेड, आधी नाव, वय, उंची, मग दोन्ही बाजूंचा चेहरा. समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला मी मोबाइलमागे उभी राहते. प्रॉम्प्टरचा धंदा काही सुटला नाही. मागं एका मालिकेसाठी तिला विचारलं, मराठवाडी येते का? ती सिडकोत वाढलेली, इंग्रजी शाळेतली. तिचं "काय करायलीस" ऐकून मलाच हसू आलं. मग आम्ही दोघी बसलो आणि जे माझ्या तोंडातून खरवडून काढलं होतं, ते मी तिच्या तोंडात घालायला लागले. हेल कुठं चढतो, कुठं उतरतो. तिनं विचारलं, "आत्या, तू हे कुठं शिकलीस?" मी म्हटलं, शिकले नाही, विसरायला लावलं होतं.

मालिकेचं काय झालं ते अजून ठरायचंय, पण यंदा ती राज्य नाट्य स्पर्धेतही काम करते आहे. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच. निजाम गेला तरी संहिता आधी कुणीतरी वाचायची, हे चुकलं नाही. तालमीसाठी एका शाळेचा वर्ग मिळतोय. संस्थेनं दिलेला अटींचा कागद तिनं मला वाचून दाखवला. रात्री दहाला दिवे बंद होतील. बाक जागेवर लावून द्यावेत. भिंतीला काही चिकटवू नये. मुलींना घरी सोडण्याची जबाबदारी शाळेची नाही. नाटकात आक्षेपार्ह काही नसल्याचं हमीपत्र द्यावं.

"आक्षेपार्ह काही नाही, एवढंच लिहू ना?" तिनं विचारलं.

आमच्या वेळच्या त्या शाळेत संध्याकाळी सहाला मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागायचं. आठ ते अकराच्या तालमीत आम्ही पोरी पाणी पीत नसू. परीक्षकांना आमचे सुकलेले आवाज वेगळा अभिनय वाटले असतील, सांगता येत नाही. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि सहीच्या वर एक ओळ वाढवली: मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली तालीम संपेपर्यंत आमच्याकडे राहील.